कितीपैकी?

मागच्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसात एका मुलीचा अर्ज आला. ज्युनिअर म्हणून काम करायची इच्छा होती, भाषा नेटकी होती, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सीजीपीए 5.2'. दहापैकी पाच म्हणजे जेमतेम पास, असं मनाशी म्हणत मी तो कागद डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. डावीकडचा गठ्ठा म्हणजे 'नको'. तीन आठवड्यांनी माझा भाचा रद्दी आवरत होता. त्यानं तो अर्ज उचलून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, हे दहापैकी नव्हे, सातपैकी आहे. ही मुलगी वर्गात पुढची असणार."

चाळीस वर्षं वकिली केली मी. दाव्यात हिस्सा लिहिला असला की 'कितीपैकी' हे आधी बघायचं, एवढं तर पहिल्या वर्षीच शिकले होते. दोन आणे म्हटलं की रुपयातले, दोन गुंठे म्हटलं की कुठल्या सर्व्हे नंबरातले. पण गुण दिसले की आपण सगळेच शाळकरी होतो आणि छेद बघायचं विसरतो.

माझं रोजचं काम कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात. धारवाड सोडून पुणे-बेंगळुरू हमरस्त्यानं बेळगावच्या दिशेनं निघालं की बेलूर औद्योगिक वसाहत लागते, तिच्याजवळच खंडपीठाची मोठी इमारत आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे बेलूर ऐकलं की लगेच चेन्नकेशवाच्या देवळाचं नाव काढतात. ते होयसळांचं बेलूर हासन जिल्ह्यात. आमच्या बेलुरात शिल्पं नाहीत, शेड आहेत. टाटांचा बसचा कारखाना आहे आणि शिफ्ट सुटली की रस्ता भरतो. 4 जुलै 2008 ला इथं फिरतं खंडपीठ बसलं, 2013 मध्ये ते कायम झालं. त्याआधी बेळगाव-खानापूरच्या अशिलाला एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून बेंगळुरू गाठावं लागे. आता सकाळच्या गाडीनं येतो, संध्याकाळी घरी जेवतो.

या इमारतीत जमिनीचे, नोकरीचे, फौजदारी असे सगळे वाद येतात, तशा दर उन्हाळ्यानंतर विद्यार्थ्यांच्या रिटही येतात. फेरमूल्यांकन हवं, बेरीज चुकली, अर्ध्या टक्क्यानं प्रवेश हुकला. मी अशा मुलांना आधी दोन निकाल सांगते. एक 1984 चा, महाराष्ट्र बोर्ड विरुद्ध परितोष शेठ. त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, नियमात नसेल तर फेरतपासणी हक्क म्हणून मागता येत नाही. दुसरा 2011 चा, सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय. त्यात माहितीच्या अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायची मुभा मिळाली. म्हणजे 27 वर्षांत आपण एवढी मजल मारली: दिलेले गुण बदलून मागता येत नाहीत, पण का दिले ते डोळ्यांनी बघता येतं. हे गुण एकत्र करून सरासरी कशी काढतात, आणि त्यावरून कोण पहिला, कोण दहावा हे कसं ठरतं, याबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. त्या सातपैकी पाचच्या चुकीनंतर मी विचारायला लागले. आणि पहिल्यांदा घरचीच ट्रंक उघडली.

ट्रंकेत अज्जांची, म्हणजे आजोबांची, वकिलीची सनद आहे आणि मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची पदवी आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. इथं 1917 पासून कर्नाटक कॉलेज होतं. पुढे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर साताऱ्याहून येऊन आधी इथंच शिकले. पण कायदा शिकायचा तर मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज किंवा 1924 साली निघालेलं पुण्याचं आयएलएस. बेळगावात लॉ कॉलेज व्हायला 1939 उजाडलं. अज्जा पुण्याला गेले. त्यांच्या पदवीवर टक्के नाहीत, क्रमांक नाही, सरासरी नाही. आहे तो एकच शब्द, सेकंड क्लास.

ही वर्गाची रीत विलायतेहून आली. एकूण गुणांच्या पट्ट्या करायच्या आणि माणसाला एका पट्टीत बसवायचं. पट्टीच्या आत कोण वर, कोण खाली, ते कागदावर येत नाही. मुंबई विद्यापीठ 1857 चं. 1862 मध्ये त्याच्या पहिल्या बी.ए.ला चारच जण उत्तीर्ण झाले: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चौघांत रांग लावून काय करायचं होतं? रानडे 1866 ला एलएल.बी. झाले. त्या काळी पदवीधर इतके थोडे होते की पदवी हाच क्रमांक. ज्यांना पदवी परवडत नसे ते प्लीडरची परीक्षा देत. टिळकांनी पुण्यात चालवलेला लॉ क्लास अशा परीक्षांच्या उमेदवारांसाठीच होता.

क्रमांकाचं वेड आपल्याकडे आणलं ते गणितानं. केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गातल्या प्रत्येकाला 'रँग्लर' म्हणत आणि त्यांची नावं गुणानुक्रमे, एकाखाली एक, जाहीर वाचली जात. सगळ्यात वरचा तो सीनियर रँग्लर. ऑनर्सच्या यादीत जो शेवटचा, त्याला मित्र लाकडी चमचा देत. 1899 साली दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सीनियर रँग्लर झाले आणि मराठी घरात ती पदवी आडनावाच्या आधी येऊन बसली ती कायमची. माझ्या आजीला रँग्लर म्हणजे काय हे सांगता आलं नसतं, पण 'रँग्लर परांजप्यांसारखा अभ्यास कर' हे ती रोज म्हणायची. आम्ही सोयीनं विसरतो ते असं की त्या वर्षीचा पहिला क्रमांक एकट्या परांजप्यांचा नव्हता. बर्टविसल नावाचा इंग्रज मुलगा त्यांच्या बरोबरीत होता. आणि केंब्रिजनं स्वतः 1909 नंतर ही क्रमवार यादी बंद केली. मुलं विषय शिकण्याऐवजी रांगेसाठी घोकतात, ही तिथल्याच प्राध्यापकांची तक्रार होती. त्यांनी रांग मोडली आणि वर्ग ठेवले. आम्ही त्यानंतर रांग धरली.

धारवाडला कर्नाटक विद्यापीठ 1949 च्या कायद्यानं आलं, 1956 मध्ये राज्य बदललं. मुंबईचे बहुतेक रिवाज नवी पाटी लावून चालूच राहिले. त्यांत 'रँक'ची भर पडली. कर्नाटकात राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्रात मुलगा बोर्डात यायचा, तसा इथं मुलगा रँक काढायचा. एलएल.बी.ला पहिली ते दहावी रँक, त्यांचे फोटो हुबळीच्या 'संयुक्त कर्नाटक'मध्ये, आणि आडनाव मराठी असलं तर बेळगावच्या 'तरुण भारत'मध्येही. लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे कंसात रँक लिहिलेली मी पाहिली आहे.

आमचे एक तात्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते. रँक कशी तयार होते ते मी त्यांच्याकडून ऐकलं. कॉम्प्युटर नव्हते. लांबरुंद निकालपत्रकं टेबलावर पसरायची. एकानं सीट नंबर आणि गुण मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं भरायचे, तिसऱ्यानं आडवी बेरीज करायची, चौथ्यानं उभी करून ताळा घ्यायचा. तीन वर्षांच्या बेरजा एका ओळीत आणून एकूण. मग पहिल्या वर्गाच्या मुलांची वेगळी चिठ्ठी काढून उतरत्या क्रमानं लावायची. "आणि मग," तात्या तंबाखू मळत म्हणायचे, "गाळायचं." ज्यानं एखादा पेपर दुसऱ्या प्रयत्नात काढला असेल, ज्यानं वर्षाचा खाडा केला असेल, त्यांची नावं चिठ्ठीतून निघायची. उरलेल्यांना एक ते दहा आकडे.

मी 1985 ला एलएल.बी. झाले. कुठल्या विद्यापीठातून ते सांगत नाही, कारण नियम तेव्हा जवळजवळ सगळीकडे असाच होता. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. ताक-भात खाऊन, पिवळ्या डोळ्यांनी मालमत्ता हस्तांतरणाचा पेपर दिला आणि तीन गुणांनी गेला. ऑक्टोबरात पुन्हा बसले, त्यात 68 आले. शेवटच्या वर्षी निकाल लागला तेव्हा पेपरात रँकवाल्यांचे एकूण गुणही छापून आले. दहाव्या रँकपेक्षा माझे सात जास्त होते. मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "बेरीज बरोबर आहे गं. पण तू चिठ्ठीत नाहीस."

त्या वयात हे फार लागलं. नंतर वाचन वाढलं तसं कळलं की चिठ्ठीबाहेर राहिलेल्यांत माझ्याहून कितीतरी मोठी माणसं आहेत. 1890 साली केंब्रिजच्या त्याच गणिताच्या परीक्षेत फिलिपा फॉसेट या मुलीला सर्वांत जास्त गुण मिळाले. बायकांना परीक्षेला बसू देत, पदवी देत नसत, आणि त्यांची यादी वेगळी वाचत. तेव्हा तिचं नाव कसं वाचलं? 'सीनियर रँग्लरच्या वर.' पहिल्याच्या वर, पण पहिली नव्हे. सीनियर रँग्लर त्या वर्षी एक मुलगाच राहिला. केंब्रिजनं बायकांना पदवी द्यायला 1948 उजाडलं.

कायद्यातलं उदाहरण तर आपल्याच मुलखातलं. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशिकला जन्मली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. पदवीला असे गुण मिळवले की विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिच्याकडे यायला हवी होती. शिष्यवृत्ती पुरुषांसाठी आहे, असं उत्तर आलं. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, ती ऑक्सफर्डला गेली आणि 1892 मध्ये तिनं तिथली बीसीएल ही कायद्याची परीक्षा दिली. कुठलीही स्त्री त्याआधी त्या परीक्षेला बसली नव्हती. पदवी हातात पडली 1922 ला, म्हणजे तीस वर्षांनी. हिंदुस्थानात बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा 1923 चा. तिचे गुण या तीस वर्षांत एकानंही बदलले नव्हते. यादीत कोण घ्यायचं याचा नियम तेवढा बदलला.

म्हणून मी भाच्याला म्हणते, सरासरी काढणं सोपं आहे, ते मशीनही करतं. माणसाचा हात दिसतो तो त्याआधी आणि त्यानंतर: कशाकशाची बेरीज करायची हे ठरवताना आणि कोणाला रांगेत उभं करायचं हे ठरवताना.

नव्या ग्रेडच्या पद्धतीतही हात दिसतो, फक्त जास्त झाकलेला. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आला. 1988 ला बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी बसली, माधव मेनन यांच्या हाताखाली. त्या शाळेनं कित्येक वर्षं टक्क्यांऐवजी सातची पट्टी वापरली. माझी फसगत झाली ती अशाच पट्टीवर. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्यांसाठी दहाची पट्टी सुचवली: 'ओ'ला दहा, 'ए प्लस'ला नऊ, असं उतरत 'पी'ला चार आणि नापासाला शून्य. प्रत्येक विषयाला क्रेडिट. ग्रेडचा अंक गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, की झाली सत्राची सरासरी. सगळ्या सत्रांची तशीच सरासरी म्हणजे सीजीपीए.

ऐकायला निर्मळ वाटतं. आता ताक घुसळून बघा. समजा सारख्याच क्रेडिटचे चार विषय आहेत आणि 50 ते 59 ला सहा, 60 ते 69 ला सात, 70 ते 79 ला आठ असे अंक आहेत. एका मुलाला 70, 70, 60, 60. त्याचे अंक आठ, आठ, सात, सात, सरासरी 7.50. दुसऱ्या मुलीला 79, 79, 69, 59. तिचे अंक आठ, आठ, सात, सहा, सरासरी 7.25. गुणांनी मोजलं तर मुलगा 65 टक्के आणि मुलगी 71.5 टक्के. तात्यांच्या निकालपत्रकात ती सव्वीस गुणांनी पुढे असती, नव्या पत्रकात ती मागे. बेरीज कोणाचीच चुकलेली नाही. 79 मधले नऊ गुण पट्टीनं खाल्ले आणि 59 चा एक गुण तिला भोवला.

हे टक्क्यांत परत करायला गेलं तर गंमत वाढते. नोकरीच्या अर्जात अजून टक्केच मागतात. सीबीएसईनं शाळेसाठी 9.5 नं गुणायचं सूत्र दिलं होतं. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात आधी पाऊण वजा करून दहानं गुणतात. कोणी सरळ दहानंच गुणतं. म्हणजे सीजीपीए सात असलेली एकच मुलगी एका ठिकाणी 66.5, दुसरीकडे 62.5 आणि तिसरीकडे 70 टक्क्यांची होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं तिन्ही आकडे तीन अर्जांत लिहिले होते आणि तिन्ही खरे होते.

अमेरिकेतल्या लॉ स्कूलांचा कारभार याहून कडक. हार्वर्डला 1870 मध्ये लँगडेल डीन झाला, त्यानं दर वर्षाअखेर लेखी परीक्षा सक्तीची केली आणि तिथून गुणांचा जोर वाढला. आज तिथल्या बऱ्याच लॉ स्कूलांत 'कर्व्ह' असतो: वर्गाची सरासरी आधीच ठरलेली, प्राध्यापकानं ग्रेड त्यात बसवायच्या. माझे गुण वाढायचे तर शेजारच्याचे उतरायला हवेत. त्यावर 'वरच्या दहा टक्क्यांत' अशी रँक आणि त्या रँकवर मोठ्या वकिली कंपन्यांच्या नोकऱ्या. गंमत म्हणजे ज्यांना सगळ्यात मान, त्यांनीच अंक टाकून दिले. येलनं 1960 च्या दशकाच्या अखेरीस, हार्वर्डनं 2009 पासून, 'ऑनर्स' आणि 'पास' अशा ढोबळ पायऱ्या ठेवल्या. अज्जांच्या सेकंड क्लासपाशीच येऊन थांबले की.

आमच्याकडे प्रवाह उलटा. 2009 ला हुबळीच्या नवनगरात कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ आलं आणि राज्यातली बहुतेक लॉ कॉलेजं त्याच्या एका छत्राखाली गेली. त्याआधी धारवाडची पहिली रँक वेगळी, म्हैसूरची वेगळी, बेंगळुरूची वेगळी. आता एकच. पहिली आलेली मुलगी आता सगळ्या राज्यात पहिली. पण पूर्वी प्रत्येक विद्यापीठात दहाजण पेढे वाटायचे, ते आता राज्यात मिळून दहाच. धारवाडच्या पेढेवाल्याचं तेवढं नुकसान झालं.

वकिलाच्या धंद्यात मात्र एक यादी अशी आहे की तिच्यात गुण चालत नाहीत. बार कौन्सिलच्या पटावर तुमचं स्थान 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे नोंदणीच्या तारखेवर ठरतं. माझ्या वर्षीचा पहिल्या रँकचा मुलगा सहा महिने उशिरा नोंदला, म्हणून पटावर तो माझ्या खाली आहे. मला याचा आनंद व्हायला नको, पण होतो.

त्या मुलीला मी पत्र लिहिलं. झालेली चूक लिहिली, क्षमा मागितली, अजून यायची इच्छा असेल तर ये म्हटलं. चार दिवसांनी उत्तर आलं. तिला दुसरीकडे काम मिळालं होतं. खाली एक ओळ होती: 'मॅडम, सातपैकी हे मी लिहायला हवं होतं, माझीही चूक आहे. आणि आम्ही वर्गात ऐंशी होतो, तेही.'

ते वाचून मी पुन्हा ट्रंक उघडली. अज्जांच्या पदवीवर वर्ग आहे, माझ्या मार्क्स कार्डावर एकूण गुण आहेत, भाच्याच्या कागदावर दोन दशांश स्थळांपर्यंत सरासरी आहे. बरोबर किती जण बसले होते, हे तिन्हींतल्या एकाही कागदावर नाही. आता माझ्या ऑफिसातल्या अर्जाच्या नमुन्यात गुणांच्या रकान्याखाली मी दोन रकाने वाढवले आहेत. एकात 'कितीपैकी', दुसऱ्यात 'किती जणांत'. भाचा म्हणाला, तिसरा राहिला. मग त्याच्याकडून पेन घेऊन मीच खाली लिहिलं, 'कोणाला गाळून'. तो रकाना अजून कोणी भरलेला नाही.